तांडा, बैलगाडी आणि कॅराव्हॅन

मेलबर्नला असलेल्या माझ्या पुतण्याने गेल्या महिन्यात एक फोटो पाठवला. मोटारीच्या मागे जोडलेली पांढरीशुभ्र खोली, तिला खिडक्या, आत पलंग, गॅस, बेसिन, अगदी संडाससुद्धा. खाली प्रश्न: "काका, आपल्याकडे हे कधी येणार?" फोनवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. घरातल्या मंडळींनी वाचावं आणि नेहमीच्या वाचकांनीही सांभाळून घ्यावं.

पहिली गोष्ट म्हणजे "येणार" या शब्दालाच माझी हरकत आहे. कॅराव्हॅन हा शब्द इंग्रजांचा नाही. मूळ फारसी "कारवान". वाळवंटातून एकत्र जाणारा व्यापाऱ्यांचा काफिला असा त्याचा अर्थ. इंग्रजांनी तो उचलला, चाकांवरच्या झाकलेल्या गाडीला लावला आणि पुढे त्याचं डोकं तोडून "व्हॅन" केली. आपण शाळेच्या व्हॅनला व्हॅन म्हणतो तेव्हा कारवानचा उरलेला तुकडाच बोलत असतो. आणि कारवानला आपल्या भाषेत खणखणीत शब्द आहे: तांडा.

आता तांडा म्हणजे काय, ते जरा नीट पाहू. इंग्रज प्रवासी पीटर मंडी १६३२ साली आग्र्याहून निघाला असता त्याला वाटेत धान्य लादलेल्या बैलांचा एक तांडा भेटला. त्यात चौदा हजार बैल होते असं तो लिहितो. त्याच शतकातल्या तॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानेही दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. एका जमातीने धान्य, दुसरीने तांदूळ, तिसरीने डाळी आणि चौथीने मीठ वाहायचं अशी वाटणी असल्याचं त्याने नोंदवलं आहे. माणसं, बायका, पोरं, कुत्री, भांडीकुंडी सगळं बरोबर. म्हणजे हे नुसतं मालवाहतुकीचं साधन नव्हतं, ते चालतं गाव होतं. आपल्याकडे या लोकांना लमाण किंवा बंजारी म्हणतात. लमाण हा शब्द लवण, म्हणजे मीठ, यावरून आला असं मानतात. कोकणपट्टीचं मीठ घाटावर आणि घाटावरचं धान्य खाली, हा त्यांचा धंदा पाहिला की ही व्युत्पत्ती मनाला पटते.

या तांड्याची रचना कशी होती? गाडी नाही, चाक नाही. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या. एका बैलावर साधारण शंभर ते सव्वाशे किलो. चाक नसल्यामुळे रस्ता लागत नाही. पायवाट, नदीचा उतार, घाटातली खडकाळ वाट, सगळं चालतं. आणि इंधन? वाटेवरचं गवत. म्हणून तांड्याचा दिवसाचा पल्ला लहान. बैलांना चरायला पुरेसा वेळ मिळायला हवा. जिथे गवत आणि पाणी, तिथे मुक्काम. आज विजेच्या मोटारीचा माणूस नकाशावर चार्जिंगची जागा शोधत जातो, तसा तांड्याचा नाईक कुरण शोधत जायचा. दुष्काळात गवत जळलं की तांडाही थांबायचा, आणि नेमकी धान्याची गरज तेव्हाच सर्वांत मोठी असायची.

लढायांमध्येही दोन्ही बाजूंच्या फौजा या लोकांवर जगत. १८०३ साली असईच्या लढाईच्या सुमारास जनरल वेलस्ली दख्खनमध्ये फिरत होता, त्याच्या फौजेचं पोटही बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होतं. पुढे ज्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तो हाच.

मग तांडा मोडला कसा? कुणी ठरवून मोडला नाही. आधी रस्ता आला, मग रस्त्यावर चालणारी हलकी गाडी आली आणि शेवटी आगगाडी. यातली मधली पायरी आपल्या पाठ्यपुस्तकांत कधीच नव्हती, म्हणून ती मुद्दाम सांगतो.

आपल्याला वाटतं, बैलगाडी अनादि काळापासून आहे तशीच आहे. तसं नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये वर्णन आहे की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये ज्या थोड्या गाड्या होत्या, त्या अवजड, भरीव चाकांच्या. त्या ओढायला एका जोडीने भागत नसे, जोड्यांमागून जोड्या जुंपाव्या लागत. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्याच दशकात सोलापूरकडच्या टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने हलक्या गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला. आऱ्यांचं चाक, वर लोखंडी धाव, आणि एका जोडीला ओढता येईल एवढं वजन. गावच्या सुतार-लोहारांनी ती पाहून आपापल्या परीने घडवली. ज्या गाडीला आपण "आपली पारंपरिक बैलगाडी" म्हणतो, तिचं दख्खनमधलं वय दोनशे वर्षंसुद्धा नाही!

हिशेब सोपा आहे. दोन बैलांच्या पाठीवर मिळून दोन-अडीच क्विंटल. तेच दोन बैल चांगल्या रस्त्यावर गाडीला जुंपले तर आठ-दहा क्विंटल सहज. बैल तेच, ताकद तीच, पण वजन पाठीवरून चाकावर गेलं. लमाणांचा धंदा इथेच डळमळला. मग १८५३ साली बोरीबंदर-ठाणे आगगाडी, १८६३ ला बोरघाट, १८६५ ला थळघाट. आमच्या बाजूची बडोद्याची लाइनही त्याच दशकातली. तांडे ओस पडले. ज्यांचं चालणं हाच व्यवसाय होता त्यांना बसायला जमीन नव्हती. त्यावर कडी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. घर पाठीवर घेऊन फिरतो म्हणजे संशयित, असा त्याचा एकंदर सूर. त्या कायद्याच्या कचाट्यात लमाणांच्या अनेक टोळ्याही सापडल्या. तो डाग कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडलं.

आता आमच्याकडचं थोडं. पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यातून मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं. माझ्या लहानपणी, म्हणजे साठीच्या आसपास, मामांच्या गवताच्या गाड्या वखारीपर्यंत जात. तिथे गवत दाबून गाठी होत आणि त्या रेल्वेने रवाना होत. गाडी भरणं हे मोठं कसब होतं. मागे जास्त भरलं की गाडी "उलाळ" व्हायची, म्हणजे मागचा भाग खाली आणि जू वर. बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसायचा. पुढे जास्त भरलं तर "धुरजड", म्हणजे सगळा भार बैलांच्या मानेवर. मामा गाडी भरून झाली की जू हाताने उचलून पाहायचे. किंचित वजन हाताला लागलं पाहिजे, पण उचलताना कष्ट नकोत. ते बरोबर असलं की म्हणायचे, "हां, आता जुंपा."

हे मी हौसेने का सांगतो आहे? तर पुतण्याच्या त्या पांढऱ्या खोलीचा पहिला नियमही हाच आहे. कॅराव्हॅनच्या एकूण वजनाचा थोडा भाग मोटारीच्या मागच्या हुकावर टेकलेला हवा. इंग्लंडमध्ये पाच ते सात टक्के सांगतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. त्याहून कमी झाला, म्हणजे कॅराव्हॅन उलाळ झाली, की वेगात ती शेपटासारखी डावी-उजवी हलू लागते आणि पुढच्या मोटारीलाही घेऊन उलटते. जास्त झाला, म्हणजे धुरजड झाली, की मोटारीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग नीट लागत नाही. तिकडे यासाठी वजन मोजायचं छोटं यंत्र मिळतं. मामांचं यंत्र त्यांच्या मनगटात होतं.

उतारावरचा प्रश्नही जुनाच. बैलगाडीला ब्रेक नसायचा. उतार आला की गाडी बैलांच्या अंगावर येई आणि बैल मागे रेटून तिला थोपवत. चाकांच्या कॅराव्हॅनला यावर छान युक्ती आहे. मोटारीने ब्रेक लावला की मागची गाडी पुढे येऊन हुकावर दाबते, आणि त्याच दाबाने तिचे स्वतःचे ब्रेक लागतात. जितकी जोरात अंगावर येईल तितकी स्वतःच थांबेल. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावतात. त्यांतल्या अनेकांना ना ब्रेक, ना मागे दिवा. हंगामात दर वर्षी अपघातांच्या बातम्या वाचतो आणि वाटतं, ही युक्ती काही चंद्रावरची नाही.

हौशी कॅराव्हॅनची सुरुवात मात्र इंग्लंडमधली, हे मान्य करायला हवं. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टरांनी "वाँडरर" नावाची घोडागाडी खास बांधवून घेतली आणि तिच्यातून स्कॉटलंडपर्यंत सुमारे तेराशे मैल भटकंती केली. बरोबर कोचमन होता आणि एक नोकरही. हा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन, मागून अवाढव्य गाडी येते आहे म्हणून लोकांना सावध करायचा. १९०७ मध्ये तिथे कॅराव्हॅन क्लब निघाला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन बनवायला घेतल्या.

पण या साहेबलोकांच्याही आधी तिथे चाकांवर घर करून राहणारे लोक होते, ते म्हणजे रोमानी, ज्यांना जिप्सी म्हणतात. ही मंडळी हजारएक वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून निघालेली. पाण्याला ते "पानी" म्हणतात, नाकाला "नाक", दोनला "दुई". त्यांची रंगवलेली घोडागाडी पाहून सुखवस्तू इंग्रजांना भटकंतीची हौस सुटली. हौस करणाऱ्यांसाठी क्लब निघाले, आणि ज्यांचं ते रोजचं घर होतं त्यांना मात्र गावोगावी हुसकलं गेलं. १९६८ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून स्थानिक कौन्सिलांवर जिप्सींसाठी तळ पुरवण्याची जबाबदारी टाकली. १९९४ च्या कायद्याने ती काढूनही घेतली.

आपल्याकडे गाडुलिया लोहारांची गाडी आठवून पाहा. मेवाडातून निघालेली ही लोहार मंडळी, नक्षीदार गाडीतच संसार, गाडीखाली निजायचं, गाडीपाशीच भट्टी. १९५५ साली पंडित नेहरू स्वतः त्यांना घेऊन चितोडगडावर गेले आणि तुमची प्रतिज्ञा आता पुरी झाली, आता घरं बांधा, असं सांगितलं. चाकांवरचं घर हा मागासलेपणा आणि जमिनीवरचं घर हे स्वातंत्र्य, अशी तेव्हाची दृष्टी होती. त्यात चूक काही नव्हतं. पण ज्यांना फिरल्याशिवाय पोट भरता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच.

त्यानंतर आपल्याकडे चाकांवरच्या घराला प्रतिष्ठा मिळाली ती वेगळ्याच वाटेने. १९८२-८३ मध्ये एन. टी. रामारावांनी जुन्या शेव्हरले गाडीचा "चैतन्य रथम" करून सगळा आंध्र पिंजून काढला. मग मुंबईत सिनेमाच्या चित्रीकरणासाठी व्हॅनिटी व्हॅन आल्या. त्या रूढ करण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लाँ यांना देतात. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २००९ मध्ये कॅराव्हॅन आणि त्यांच्या तळांसाठी धोरण आखलं. महाराष्ट्र सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं. कोविडच्या काळात हॉटेलात जायला लोक बिचकत होते, त्यामुळे मुहूर्तही बरा लागला. केरळनेही त्याच वर्षी "केरवान केरळ" सुरू केलं. तेव्हा "कधी येणार?" याचं साधं उत्तर: कागदावर आलेली आहे.

रस्त्यावर दिसते ती मात्र बहुधा एकसंध मोटार-कॅराव्हॅन, म्हणजे घर आणि इंजिन एकाच सांगाड्यावर. ओढायची कॅराव्हॅन क्वचितच. कारणं उघड आहेत. आपल्या बऱ्याच मोटारींना मागे किती वजन ओढता येईल हे कंपनीच सांगत नाही. मागे जोडलेली गाडी रिव्हर्स घेणं हे येरागबाळ्याचं काम नाही, आणि आपल्या गल्लीबोळांत रिव्हर्सशिवाय गत्यंतर नाही. ट्रेलरची वेगळी नोंदणी, वेगळी नंबरप्लेट हे आलंच. बोईसरला ठेकेदारांकडे "बोलेरो कॅम्पर" गाड्या पुष्कळ दिसतात, पण त्या नावावर जाऊ नका. त्यात पुढे पाच माणसं आणि मागे वेल्डिंगचं सामान असतं, कॅम्पिंगचा संबंध नाही!

ओढणाऱ्या वाहनांची खरी शाळा आमच्याकडे भरते ती हायवेवर. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळणारे, एमआयडीसीसाठी टाक्या आणि यंत्रं घेऊन येणारे ट्रेलर मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. काही ट्रेलरची चाकं मोजता मोजता मुलांची परवचा पुरी व्हायची. पुढच्या ओढणाऱ्या भागाला ड्रायव्हर लोक अजून "घोडा" म्हणतात. आता वाढवणला मोठं बंदर होणार आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला त्याची पायाभरणी झाली. म्हणजे कंटेनर ओढणारे घोडे आणखी वाढणार. हे घोडे डिझेलवर धावणार की विजेवर, याचा परिणाम आमच्या मुलांच्या फुप्फुसांवर होणार आहे, तेव्हा हा विषय आमच्यासाठी नुसत्या हौसेचा नाही.

विजेचा घोडा आणि मागे घर, ही जोडी मात्र अवघड आहे. मागे उंच खोका लावला की वारा अडतो, आणि विजेच्या मोटारीचा पल्ला जवळजवळ निम्म्यावर येतो. यावर दोन उपाय चालू आहेत. एक म्हणजे हलकी, बुटकी, घडी होणारी कॅराव्हॅन. दुसरा म्हणजे कॅराव्हॅनलाच स्वतःची बॅटरी आणि मोटर देणं, म्हणजे ती नुसती ओढली जाणार नाही, स्वतःही चालेल. जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीने २०२१ मध्ये अशी कॅराव्हॅन विजेच्या मोटारीमागे लावून, वाटेत चार्ज न करता, आल्प्स ओलांडून इटलीतल्या गार्डा सरोवरापर्यंत नेली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एअरस्ट्रीमने असाच नमुना दाखवला. उतारावर हीच मोटर जनित्राचं काम करून वीज साठवते, म्हणजे ब्रेकचा प्रश्नही बराचसा सुटतो. घाटात जादा जोडी जुंपायची पद्धत होती ना, तीच ही. फक्त जादा जोडी आता गाडीच्या पोटात आहे.

आमच्या हवेसाठी करायची तर रचना वेगळी हवी. किनाऱ्यावरची खारी हवा पत्रा खाते. पावसाळ्यात चार महिने सपाट छत टिकणार नाही, उतरतं हवं. बंद खोक्याला बुरशी येईल, वारा आरपार गेला पाहिजे. आणि बाजूला ताडपत्रीची पडवी हवीच, कारण कोकणातला माणूस घरात कमी आणि पडवीत जास्त राहतो.

हे सगळं होईल. पैसा आहे, कारागीर आहेत, हौस आहे. मला काळजी आहे ती दुसऱ्या तांड्याची.

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून भरलेले टेम्पो आणि ट्रक खाली उतरतात. त्यांत आदिवासी कुटुंबं असतात, वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघालेली. आधी बयाणा घेतलेला असतो, तो फेडायला सहा-सात महिने जायचं. टेम्पोत पातेली, गोधड्या, तांदळाचं गाठोडं, टोपलीखाली कोंबड्या आणि वर पोरं. भट्टीशेजारी कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून खोपट करायचं. त्याला "भोंगा" म्हणतात. माझ्या नोकरीच्या काळात नोव्हेंबरच्या हजेरीत दर वर्षी ठरावीक नावांपुढे गैरहजेरीचे फुलीमागून फुली पडत. मुलं हुशार असोत की नसोत, जूनमध्ये परत येईपर्यंत पाढे विसरून आलेली असत. वर्गात आम्ही पुढे गेलेले असू आणि ती तिथेच. काही मग आलीच नाहीत. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच "भोंगाशाळा" काढल्या, कारण मुलांना शाळेपर्यंत आणण्यापेक्षा शाळेने तांड्याबरोबर जाणं सोपं होतं. ऊसतोडणीच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्याही याच विचाराने.

आता धोरणातला तळ आणि भट्टीवरचा तळ शेजारी ठेवून पाहा. पर्यटकाच्या कॅराव्हॅनला काय हवं? पाण्याचा नळ, विजेची जोडणी, मैल्याची व्यवस्था, रात्रीचा दिवा, राखण. भट्टीवरच्या कुटुंबाला काय हवं? तेच सगळं, आणि वर एक फळा. एकाला आपण कॅराव्हॅन पार्क म्हणतो आणि सवलती देतो. दुसऱ्याला नावही नाही. कॅराव्हॅनवाला चार दिवसांनी पक्क्या घरी परततो, हा अर्धं वर्ष तिथेच काढतो.

हौशी मंडळींवर माझा राग नाही. नातवंडांना घेऊन केळव्याच्या सुरूच्या बनात अशी गाडी लावून दोन रात्री काढायला मलाही आवडेल. पण हलकं, घडी होणारं, पाऊस पेलणारं, ट्रॅक्टर किंवा टेम्पोमागे जोडता येणारं घर जर आपले इंजिनिअर बनवणार असतील, तर त्याचं पहिलं गिऱ्हाईक पर्यटकच का? हंगामी शाळेची एक खोली, दोन संडास, एक पाण्याची टाकी आणि वर सूर्याची वीज, हे सगळं चाकांवर घालून दिवाळीला तांड्यामागे पाठवता येईल आणि पाऊस पडायच्या आत परत आणता येईल. त्याला आल्प्स ओलांडायची गरज नाही, मनोर ते भिवंडी एवढंच अंतर आहे.

पुतण्या इंजिनिअर आहे. त्याला हा सगळा मजकूर पाठवतो आहे, आणि सोबत टाकीच्या वजनाचा हिशेब मागवतो आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. टाकी आसाच्या पुढे ठेवली तर गाडी धुरजड होणार, मागे ठेवली तर उलाळ. कुठे ठेवायची ते त्याने आता सांगावं.